चुन्याची खूण

तात्या,

परवा तुमची चुन्याची खूण पुन्हा दिसली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता लोक तुमचा विषय काढताना आवाजसुद्धा खाली आणत नाहीत. आणि ही खूण मात्र ताजी, पांढरीफेक, तंबाखू मळता मळता कुणीतरी बोट पुसावं तशी. एका गाडीचं स्टिअरिंग उतरवलं आणि आतल्या दांड्यावर ती होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर ते उतरवलेलं स्टिअरिंग मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. कामावरचा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, चुना आहे. खरं सांगायचं तर मला तुमच्याशी बोलायचं नव्हतं. तुमच्या मागून आई गेली तेव्हाच मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलणंसुद्धा बंद केलं. पण तुम्ही मेल्यावरही गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून माझ्या दुकानात येणार असाल, तर मग मलाही दोन शब्द बोलू द्या.

गाडी भिगवणच्या एका नर्सबाईंची. त्या रोज इंदापूरला ड्युटीला स्वतः चालवत जातात. बरोबर त्यांचे मिस्टर आले होते, आणि गाडी कुणाची आहे हे विसरून तक्रार तेच सांगत होते. "गाडीला काही झालेलं नाही. हायवेला हिचा हात कापतो. मागून ट्रक आला की घाबरती आणि म्हणती गाडी ओढती." मी बाईंनाच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "ताई, सरळ चाललेली असते आणि मधेच कुणीतरी एका बाजूनं धरल्यासारखं होतंय. मी ब्रेकवर पाय ठेवलेला नसतो. आणि हा पिवळा दिवा बघा, घसरणाऱ्या गाडीचा, तो जातच नाही. खोटं नाही सांगत." खोटं नाही सांगत, हे शब्द तेवढे माझ्या कानात राहिले. मी त्यांच्या मिस्टरांकडे बघितलंच नाही, कारण बघितलं असतं तर बोलले असते. गाडी ठेवून जा, म्हटलं.

तुमच्या काळात स्टिअरिंग म्हणजे एक चाक, एक दांडा, खाली त्याचा गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांना वळवणारे टायरॉड. आता त्या दांड्यावर, स्टिअरिंगच्या बरोबर खाली, बशीएवढी एक प्लास्टिकची चकती बसवलेली असते. त्याला सेन्सर म्हणतात. ड्रायव्हरनं स्टिअरिंग कुठल्या बाजूला आणि किती फिरवलं, हे तो सारखं गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत असतो. वळणावर गाडी घसरायला लागली तर कॉम्प्युटर आपण होऊन एकेका चाकाचा ब्रेक धरतो आणि गाडी सावरतो. पण माणसाला कुठं जायचंय हे त्याला आधी कळायला हवं. चकतीनं चुकीचं सांगितलं, तर सरळ चाललेल्या गाडीला वाटतं आपण वळतोय, आणि ती भलतंच चाक धरते. नर्सबाईंच्या गाडीत तेच होत होतं. तुम्ही हे ऐकून हसला असता. "गाडीलाच इचारून गाडी दुरुस्त करायची व्हय?" असं म्हणाला असता आणि शेजारच्या माणसाकडे बघून डोळा मारला असता. पण गाडी निदान विचारल्यावर सांगते तरी, तात्या.

मी गाडीच्या कॉम्प्युटरला विचारणारा स्कॅनर लावला. त्यानं सेन्सरचंच नाव घेतलं. बिघाडाची नोंद पुसली, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवलं, तर पुन्हा तेच. मग आकड्यांकडे बघत हळूहळू फिरवलं. आकडा एकसारखा चढायला हवा. तो चढत चढत एका जागी आला की उडी मारायचा, गायब व्हायचा, परत यायचा. सेन्सर गेलेला आहे हे तिथंच कळलं होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं नवा मागवला असता आणि हात झटकले असते. मी आधी प्लग काढून वायरी तपासल्या, करंट येतोय का, अर्थिंग धड आहे का. सगळं ठीक होतं. म्हणजे चकतीच मेली होती. पण मेलेल्या पार्टचं बारावं घालायच्या आधी तो कशानं मेला ते बघ, हे तुमचंच वाक्य. ते मी पाळते. तुमच्या किती गोष्टी मी पाळते हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्हाला फुशारकी मारायला आणखी एक कारण मिळालं असतं.

म्हणून गाडी सरळ रस्त्यावर काढली. मिस्त्री चालवत होता, मी शेजारी स्कॅनर घेऊन. रोड टेस्टला मी स्टिअरिंगवर बसत नाही. एकटी असले तर कुठंही गाडी घेऊन जाते, पार पुण्याला जाऊन येते. पण शेजारच्या सीटवर माणूस असेल तर किल्ली हातात घेत नाही. दुकानातल्यांना वाटतं ही मॅडमची ऐट. असू दे. तर रस्ता सरळ, गाडी सरळ, स्टिअरिंगही अगदी सरळ, आणि स्कॅनर मात्र म्हणतोय की स्टिअरिंग उजवीकडे वळलेलं आहे. परत येऊन गाडी वर उचलली, खाली गेले. डाव्या बाजूचा टायरॉड वाकलेला होता. फार नाही, बघणाऱ्यालाच दिसेल इतका. मी नर्सबाईंना फोन केला आणि विचारलं, गाडी कुठं आदळली होती का? म्हणाल्या, "हो, खड्ड्यात गेली होती ना. स्टिअरिंग वाकडं झालं होतं. माझं माहेर अंथुर्ण्याकडं आहे, तिथंच एका जुन्या गॅरेजात दाखवली. चहा पिऊन होईस्तोवर त्यांनी सरळ करून दिलं." अंथुर्ण्याचं जुनं गॅरेज म्हणजे आपलंच, मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. तरी मी शेवटपर्यंत ऐकलं.

बॅटरी काढली, थोडं थांबून एअरबॅग उतरवली, नट सोडला, स्टिअरिंग वर ओढलं. आणि दांड्याच्या दात्यांवर ती खूण. वाकलेला टायरॉड सरळ करायचा किंवा बदलायचा म्हणजे गाडीखाली झोपावं लागतं, अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा नट काढायचा, स्टिअरिंग उचलायचं, एक दाता सरकवून परत दाबायचं. चाकं होती तशीच राहतात, खाली वाकलेलं वाकलेलंच राहतं, फक्त माणसाच्या डोळ्यांसमोरचं स्टिअरिंग सरळ होतं. आणि मूळ जागा लक्षात राहावी म्हणून डबीतल्या चुन्याचं बोट. साऱ्या तालुक्यात ही खूण करणारे एक तुम्ही होता, आणि दुसरा तुमच्या हाताखाली शिकलेला माझा भाऊ. दादानं या गाडीचं स्टिअरिंग खालून ठोकून काढलं होतं. सेन्सरचे नाजूक प्लास्टिकचे कान त्यातच तुटले होते.

आता मला गॅरेज आठवतंय. पत्र्याची शेड, तिच्या पुढ्यातलं चिंचेचं झाड, झाडाला साखळीनं टांगलेलं इंजिन. मी शाळेतून थेट तिथं येते. तुम्ही जीपखाली झोपलेले असता, फक्त पाय दिसतात, आणि आतून हाक येते, "पोरी, इकडं ये, झोप माझ्या शेजारी." तुम्ही माझा हात घेऊन टायरॉडच्या टोकाशी, जिथं त्याचा गोळा बसवलेला असतो त्या एंडवर ठेवता. "डोळं मिट. आता मी चाक हलवतो. हाताला खुट् लागलं तर सांग." मी डोळे मिटते. खुट् लागतं. "लागलं तात्या." "मग ह्यो एंड ढिला. ढिला एंड म्हंजे काय?" "म्हंजे गाडी उभी करायची." "व्हय. एक मैलबी चालवायची न्हाय. लोकांच्या जिवाचा धंदा हाय आपला." मला जीप शिकवायला घेतलीत तेव्हा माझा पाय क्लचपर्यंत पोचत नव्हता, तर तुम्ही जुन्या पाटाला काथ्या गुंडाळून पाठीशी लावायला उशी केलीत. कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यानं मला चालवायला द्यायचात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचात. "बघा, पोरगी चालवती. तुमच्या पोरांस्नी येतंय का?" लायसन निघालं त्या दिवशी तुम्ही मला पान्यांचा सेट दिलात, नवाकोरा, स्वतःच्या हातानं शिवलेल्या रेक्झिनच्या पिशवीत. इतका आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही. तो सेट अजून माझ्याकडे आहे. काही पाने झिजलेत.

नागपंचमीला आईला माहेरी, बावड्याला जायचं होतं. तुम्ही म्हणालात, पोरगी सोडंल की जीपनं. आई नवी हिरवी नऊवारी नेसलेली, मांडीवर पुरणाच्या दिंडांचा डबा. ती माझ्याकडे बघून सारखी हसत होती. बाई गाडी चालवते आणि आपण शेजारी बसलोय, याचंच तिला अप्रूप. निमगावच्या अलीकडं वळण आलं. मी स्टिअरिंग वळवलं. ते वळलं. चाकं वळली नाहीत. माझ्या हातात स्टिअरिंग असं फिरत होतं, जसं त्याच्या खाली काहीच नाही. मी ते शेवटपर्यंत घट्ट धरून होते, तात्या, बाभळीवर आदळेपर्यंत. मला खरचटलंही नाही. आईचा गुडघा पत्र्यात अडकला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे जमले होते. मामा, मावशी, गावातले चार लोक. मी रडत रडत तेच सांगत होते, स्टिअरिंग फिरत होतं, चाकं वळत नव्हती. तुम्ही आलात. जीप बघूनच आला होता, कुणालाही हात लावू न देता स्वतः ओढून आणली होती, हे मला नंतर कळलं. तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मी बांधलेलं स्टिअरिंग हाय ते. हातातलं सोडलंस, आन आता गाडीला नाव ठिवतीस? नाचता येईना आंगण वाकडं!" दोघंतिघं हसले. वातावरण सैल झालं. मला मात्र त्या दिवसानंतर गॅरेजात पाय ठेवायची बंदी झाली, आणि जीपची किल्ली तुम्ही देव्हाऱ्यावरच्या खिळ्याला टांगलीत. मला बघायला येणारे पाहुणे चहा घेऊन झाल्यावर हळूच विचारायचे, "जीप घालवलेली हीच न्हवं?" तुम्ही मान खाली घालायचात. मला वाटायचं, माझ्यामुळं माझ्या बापाला मान खाली घालावी लागते.

आई पुन्हा जमिनीवर बसू शकली नाही. चुलीपुढं बसून भाकरी थापणारी बाई ती. तुम्ही गवंडी बोलावून तिला उंच ओटा बांधून दिलात, कडाप्पा लावून. सगळी आळी बघायला आली. बायकांसाठी एवढं कोण करतं, असं जो तो म्हणत होता. ती उभ्यानं, एका पायावर भार देऊन, ओट्याला कमर टेकून भाकऱ्या करायची, आणि मी परातीत पीठ काढून द्यायची. एकदा, माझं लग्न ठरल्यावर, भाकरी उलटता उलटता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक सांगू का. सोडलं असशील तर सोडलं असशील गं. नवी हुतीस. मी काय मनात ठिवलं न्हाय, तू बी ठिवू नगंस." मी म्हटलं, आई, मी सोडलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं, न्हाय तर न्हाय." आणि माझ्या गालाला पिठाचा हात लावला. तिनं मला माफ केलं, तात्या. न केलेल्या गोष्टीसाठी माफ केलं, आणि ती माफी घेऊन मी सासरी आले. ती मरेपर्यंत तेच मनात धरून होती. सासरी आल्यावर तर, सगळ्यांकडून इतक्या वेळा ऐकून, मलाच वाटायला लागलं होतं, की असेल, एखादा क्षण हात सुटला असेल.

पुढं नवऱ्याच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात बसायला लागले, वायरिंग शिकले, पुण्याला जाऊन स्कॅनरचं शिकून आले, भिगवण रोडला मोठी जागा घेतली. गाड्यांतलं कळायला लागलं तेव्हा त्या दिवशी काय झालं असेल तेही कळलं. एंड निसटला असणार. स्टिअरिंग फिरतं आणि चाकं वळत नाहीत याला दुसरं कारणच नसतं. पण तरी मी तुम्हाला धरलं नाही. मी म्हणायची, पार्ट आहे, कधी अचानक तुटतो, तात्यांना काय स्वप्न पडलं होतं? घाबरून बोलले असतील. बापाची बाजू घ्यायला मुलींना फार निमित्त लागत नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी तुमचे पाय चेपत बसले होते. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "दुकान चांगलं चालवतीस म्हणं." मी हो म्हटलं. तुम्ही कूस बदललीत.

परवा दादाला फोन करून बोलावलं. तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, उतरवलेलं स्टिअरिंग बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं.

"ही खूण कुणी केली?" मी विचारलं.

"कुणी म्हंजे? मीच की."

"टायरॉड वाकलाय हे बाईंना सांगितलंस?"

"अगं, एवढासा वाकलाय. गिऱ्हाइकाला स्टिअरिंग सरळ दिसलं की झालं. आपल्या तात्यांनी जलमभर हेच केलं. कुणाचं काय अडलं?"

बोलून गेला आणि जीभ चावली. मी काही विचारायच्या आधीच त्याचा चेहरा सांगत होता. तरी मी विचारलं, कारण मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "आपल्या जीपचं केलं होतं?"

त्यानं एक बोल्ट उचलला, पुसला, परत ठेवला. "केलं हुतं."

"कधी?"

"पंचमीच्या आदल्या दिशी. जीप बांधावरनं उतरताना आदळली हुती, स्टिअरिंग वाकडं झालं हुतं. एंडबी ढिला हुता. मीच हलवून दाखवला तात्यांस्नी. तात्या म्हणलं, उद्या सणाची दुकानं बंद, एंड कुठनं आणतू? बावड्यापस्तोर जातंय, आल्यावर बदलू. आन स्टिअरिंग तेवढं उचलून सरळ केलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तात्या म्हणलं, पोरीला वाकडं दिसलं तर घाबरंल." दादा माझ्याकडे बघत नव्हता. "आन मागनं म्हणलं, तोंड उघडलंस तर ह्या गॅरेजात एक गाडी यायची न्हाय. तू त्यांस्नी वळखतीस. मी काय करणार हुतो?"

मला दादाचा राग आला नाही. तो तुम्हाला आयुष्यभर घाबरत आला, अजून घाबरतो. राग तुमचा आला. तुमचा हात ढिल्या एंडवर होता. खुट् तुमच्या हाताला लागलं होतं. ज्या हातानं माझा हात धरून शिकवलंत, एक मैलबी चालवायची न्हाय, त्याच हातानं डबीतला चुना लावलात, वर स्टिअरिंग सरळ केलंत, आणि त्यापुढं तुमची बायको आणि तुमची मुलगी बसवलीत. एवढंच असतं तरी मी गिळलं असतं. माणूस आळस करतो, सणाच्या गडबडीत करतो. पण नंतर ती जीप ओढून आणलीत, तुटलेला एंड कुठं टाकलात कोण जाणे, दवाखान्यात आलात, आणि सगळं ठाऊक असताना मला नाचता येत नाही म्हणालात. अंगण वाकडंच होतं, तात्या. तुम्हीच ते वाकडं ठेवून वर सारवलं होतं. आईचा ओटा आठवतो आणि मला किळस येते. किती उंच हवा हे तुम्ही तिला उभं करून मोजून घेतलं होतंत. तेवढा वेळ तिच्या समोर उभे होता. एक वाक्य बोलला असता तर ती मला माफ करायच्या यातनेतून सुटली असती. मी कशीही जगलेच. तिला मात्र आता सांगायला जागाच उरली नाही. तुम्हाला काय, तुमचा फोटो गॅरेजात आहे, दादा रोज उदबत्ती लावतो.

दादा म्हणाला, "त्या बाईला सेन्सर खराब झाला म्हणून सांग. सेन्सर काय, कुणाचाबी जातो." खोटंही नव्हतं ते, सेन्सर खराब झालाच होता. पण मला नर्सबाईंचं ते 'खोटं नाही सांगत' आठवत होतं, आणि हात कापतो म्हणणारा त्यांचा नवरा. मी म्हटलं, थांब इथं, त्या गाडी न्यायला येतील तोवर जायचं नाही. तो थांबला. नवा टायरॉड घातला. पुढची चाकं सरळ उभी करून नवा सेन्सर चढवला. नवा पार्ट कंपनीतून बरोबर मध्यावर अडकवून येतो, बसवेपर्यंत त्याची पिवळी कडी काढायची नसते. चुना पुसून मूळ दात्यावर स्टिअरिंग बसवलं. अलाइनमेंट केलं. मग स्कॅनर लावून शून्य कुठं आहे ते गाडीला नव्यानं शिकवलं.

संध्याकाळी दोघं आले. मिस्टरांनी आल्या आल्या विचारलं, "निघालं का काही? का ड्रायव्हरच खराब?" मी म्हटलं, चालवण्यात काही चूक नव्हती. स्टिअरिंग चुकीचं बसवलं होतं, त्यात सेन्सर तुटला. त्या सांगत होत्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं. ते म्हणाले, "कुणी बसवलं असलं?" दादा टायरकडे बघत होता. मग टायरकडेच बघत म्हणाला, "मी बसवलं हुतं. माझी चूक हाय, बाई." नर्सबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसल्या. त्यांचे मिस्टर मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं चढले. एवढं कबूल करायला किती शब्द लागतात ते मी मोजत होते, तात्या. फार नाही लागत. दादा चहा न घेता गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही, मीही केला नाही.

हे पत्र दादाच्या घरी वाचून दाखवायचं नाही आणि तुमच्या फोटोपुढंही ठेवायचं नाही. नव्या सेन्सरचं रिकामं खोकं आहे, त्यात तुटक्या कानांचा जुना सेन्सर टाकलाय, त्यावर हे ठेवीन आणि वरच्या फळीवर सारीन. एक गोष्ट सांगायची राहिली. ती त्या दोघांच्या येण्याच्या आधीची. गाडीला सरळ म्हणजे काय ते शिकवून झालं की रस्त्यावर नेऊन बघावं लागतं. मिस्त्री किल्ली घ्यायला आला. दादा म्हणाला, "आण, मी चालवतो." मी म्हटलं, तू शेजारी बस. तो माझ्याकडे बघत राहिला. मग बसला. स्कॅनर त्याच्या मांडीवर दिला, म्हटलं, आकडा काय येतोय तेवढं वाचत राहा.

कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याला लागलो. तो आता डांबरी झालाय. त्या पंचमीनंतर माझ्या शेजारच्या सीटवर पहिल्यांदाच माणूस बसला होता, आणि माझ्या तळव्यांना इतका घाम आला होता की स्टिअरिंग ओलं झालं. दादा वाचत होता, "शून्य. शून्य हाय. अजून शून्यच." रस्ता पुढं लांबपर्यंत मोकळा होता. मी त्या दिवशी सोडलं नव्हतं, तात्या. परवा सोडलं. दोन्ही हात काढले. दादा "अगं!" म्हणून ओरडला, आणि गाडी सरळ जात राहिली.

पण हात मी मांडीवर नेले नाहीत. स्टिअरिंगपासून बोटभर अंतरावर धरून ठेवले होते.